देश बदलताय? मूल तिकडे कुठल्या इयत्तेत बसेल ते जन्मतारखेवरून आधीच काढा

देश बदलायचं ठरलं की व्हिसा, घर, सामान, बँक सगळ्याच्या याद्या होतात, आणि शाळेबद्दल मात्र एवढंच गृहीत धरलेलं असतं की इथे दुसरीत आहे म्हणजे तिथेही दुसरीत जाईल. मग तिकडच्या शाळेतून मेल येतो की तुमची मुलगी पहिलीत बसेल, आणि घरात एकदम खळबळ, "वर्ष वाया गेलं" वगैरे सुरू. बरेचदा वाया काहीच गेलेलं नसतं. बहुतेक देशांतल्या सरकारी शाळा पहिल्यांदा इयत्ता बघतच नाहीत, जन्मतारीख बघतात, आणि ती तारीख त्यांच्या रेषेच्या अलीकडे पडते की पलीकडे यावर वर्ग ठरतो. ही रेषा प्रत्येक देशात वेगळ्या महिन्यात आहे, काही देशांत तर राज्याराज्यांत वेगळी. त्यामुळे मार्चमधल्या मुलाला कदाचित काहीच फरक पडणार नाही आणि ऑक्टोबरमधल्या मुलाचा नंबर प्रत्येक देशात बदलेल. हे सगळं तिकीट काढायच्या आधी तासाभरात कागदावर मांडता येतं, कसं ते सांगतो.

आधी तीन तारखा शोधा, एक नाही

लोक "कट-ऑफ काय आहे" एवढंच विचारतात. पण तारखा तीन असतात आणि तिन्ही लागतात.

पहिली म्हणजे लवकरात लवकर कधी घालता येतं. इंग्लंडमध्ये चौथा वाढदिवस झाला की त्यानंतरच्या सप्टेंबरमध्ये रिसेप्शन म्हणजे शाळेचा पहिला वर्ग सुरू होतो, आणि १ सप्टेंबर ते पुढच्या ३१ ऑगस्टपर्यंत जन्मलेली सगळी मुलं एका वर्षाची. दुसरी तारीख म्हणजे कायद्याने शाळेत कधी असायलाच हवं. ही वेगळी गोष्ट आहे आणि इथेच गोंधळ होतो. इंग्लंडमध्येच ही सक्ती पाच वर्षं पूर्ण झाल्यानंतरच्या टर्मपासून आहे, म्हणजे जवळपास सगळी मुलं सक्ती लागायच्या आधीच शाळेत बसलेली असतात. नेदरलँड्समध्ये मूल चार वर्षांचं झालं की वाढदिवसानंतर लगेच शाळेत जातं, सक्ती मात्र पाचव्या वाढदिवसानंतरच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून. न्यूझीलंडमध्ये बरीच मुलं पाचव्या वाढदिवसाच्या आसपास वर्षाच्या मध्येच सुरू करतात, सक्ती सहाला. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात तर सक्ती आठव्या वर्षापासून आहे, पण म्हणून तिथली मुलं आठव्या वर्षी शाळेत जात नाहीत हे उघड आहे. या दोन तारखांच्या मधला जो काळ असतो ना, तो तुमच्या निर्णयाचा काळ, तेवढ्यातच काय ती सवलत मागता येते.

तिसरी तारीख म्हणजे शाळेचं वर्ष कधी सुरू होतं. महाराष्ट्रात राज्य मंडळाच्या शाळा जूनमध्ये, सीबीएसईच्या एप्रिलमध्ये, जपानमध्ये एप्रिल, दक्षिण कोरियात मार्च, सिंगापूरमध्ये जानेवारी, ऑस्ट्रेलियात जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला, युरोप अमेरिकेत ऑगस्ट-सप्टेंबर. यूएईमध्ये तर एकाच शहरात भारतीय बोर्डाच्या शाळा एप्रिलमध्ये उघडतात आणि ब्रिटिश किंवा अमेरिकन अभ्यासक्रमवाल्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये.

आता एकच मूल घेऊन हिशोब करून बघू

समजा जन्म १० ऑक्टोबर २०१९. मुद्दाम असा महिना घेतलाय की जिथे सगळ्या रेषा या मुलाच्या अंगावरून जातात. प्रश्न असा की सप्टेंबर २०२६ मध्ये हे मूल कुठे असेल?

महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा पूर्ण ही अट आहे, म्हणजे या मुलाला जून २०२५ लाच पहिली मिळाली, सप्टेंबर २०२६ ला ते दुसरीत. तेच मूल केंद्रीय विद्यालयात असेल तर तिथे ३१ मार्चला सहा पूर्ण लागतात, त्यामुळे पहिली सुरू झाली एप्रिल २०२६ ला. म्हणजे परदेश वगैरे सोडाच, एकाच गावात शाळेचा प्रकार बदलला तर वर्षाचा फरक पडतो.

इंग्लंडमध्ये हे मूल इयर टू मध्ये असेल. ऐकायला दुसरी वाटते पण तिथे इयर वन पाच वर्षांच्या मुलांचं असतं, म्हणून इयर टू ही वयाने अमेरिकेतल्या फर्स्ट ग्रेडच्या बरोबरीची. टेक्सासमध्ये रेषा १ सप्टेंबरची, तिथे हे मूल किंडरगार्टन २०२५ ला करून २०२६ ला फर्स्ट ग्रेडला. कॅनडात ओंटॅरिओमध्ये मात्र कॅलेंडर वर्ष चालतं, ज्या वर्षी सहा होतील त्या वर्षीच्या सप्टेंबरला पहिली, म्हणून तिथे हेच मूल ग्रेड टू मध्ये. ब्रिटिश कोलंबियातही कॅलेंडर वर्षच आहे, क्युबेकमध्ये ३० सप्टेंबर.

जपानमध्ये २ एप्रिल ते पुढच्या १ एप्रिलपर्यंतची मुलं एका वर्गात, म्हणून ते एप्रिल २०२६ ला पहिलीत गेलं. सिंगापूरमध्ये २ जानेवारी ते पुढच्या १ जानेवारीचा गट, प्रायमरी वन जानेवारी २०२६ ला. फिनलंडमध्ये ज्या वर्षी सात पूर्ण होतात त्या वर्षी पहिली, म्हणजे ऑगस्ट २०२६. जर्मनीत नॉर्थ ऱ्हाईन वेस्टफालियाची रेषा ३० सप्टेंबर, दहा दिवसांनी हुकली, म्हणून तिथेही पहिली २०२६ ला. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये त्या वर्षीच्या ३१ जुलैपर्यंत पाच पूर्ण हवेत, तर सुरुवात २०२५ च्या आरंभी किंडरगार्टनमध्ये आणि २०२६ मध्ये इयर वन.

बघा, एकच मूल, एकच दिवस, आणि कुठे नुकतीच सुरू झालेली पहिली तर कुठे दुसरी. आता टेक्सासच्या शाळेने महाराष्ट्रातल्या दुसरीच्या मुलाला फर्स्ट ग्रेड दिलं तर ते मूल मागे पडलं का? नाही, त्याच्या वयाच्या मुलांमध्ये बसलं. आणि टेक्सासहून ओंटॅरिओला गेलं तर किंडरगार्टननंतर एकदम ग्रेड टू समोर येईल, तिथे खरा प्रश्न आहे, कारण मधलं पहिलीचं वाचन-गणित करायचं राहिलंय. म्हणजे "मागे गेलं" पेक्षा "उडी बसली" याची काळजी जास्त करा. लोक नेमकं उलटं करतात.

तुमच्या मुलाचं असंच मांडा. एका कागदावर डावीकडे वर्षं, उजवीकडे आत्ताच्या देशातली इयत्ता, शेजारी जायच्या देशातली इयत्ता. आणि दोन वर्षांनी तिसऱ्या देशात जायची शक्यता असेल, कंपनीच्या पोस्टिंगवर फिरणाऱ्यांचं असतं तसं, तर तिसरा कॉलमही आत्ताच.

इयत्तेचं नाव सोडून द्या, वय धरा

शाळेशी बोलताना "सिनियर केजी झालंय" असं सांगून उपयोग नाही, समोरच्याला ते काय ते कळत नाही. आणि त्यांचे शब्दही तुम्हाला फसवतात. किंडरगार्टन म्हटलं की अमेरिकेत ते शाळेचं पहिलं वर्ष, पाच वर्षांच्या मुलांचं, जर्मनीत किंडरगार्टन म्हणजे शाळेच्या आधीची सगळी बालवाडी. ऑस्ट्रेलियात शाळेच्या पहिल्या वर्षाला न्यू साउथ वेल्समध्ये किंडरगार्टन म्हणतात, व्हिक्टोरिया आणि क्वीन्सलँडमध्ये प्रेप, साउथ ऑस्ट्रेलियात रिसेप्शन, वेस्टर्न ऑस्ट्रेलियात प्री-प्रायमरी. एकच देश! म्हणून विचारताना असं विचारा की "अमुक तारखेला जन्मलेली मुलं तुमच्याकडे येत्या सत्रात कुठल्या वर्गात आहेत?" या प्रश्नाला सरळ उत्तर मिळतं.

मोठ्या मुलांसाठी एक सोपा हिशोब, इंग्लंडचा इयर नंबर अमेरिकन ग्रेडपेक्षा एकने जास्त. इयर सेव्हन म्हणजे सिक्स्थ ग्रेड, इयर इलेव्हन म्हणजे टेन्थ, तिथेच जीसीएसई म्हणजे आपल्या दहावीसारखी बोर्डाची परीक्षा होते, आणि इयर थर्टीन म्हणजे आपली बारावी.

एका देशात एकच नियम असं समजू नका

इंग्लंडचं वाचून स्कॉटलंडला गेलात तर चुकलात. स्कॉटलंडमध्ये शाळा ऑगस्टच्या मध्यात सुरू होते आणि साधारण मार्च ते फेब्रुवारीअखेर जन्मलेली मुलं एकत्र घेतात, नॉर्दर्न आयर्लंडमध्ये १ जुलै. २० ऑगस्ट २०२१ ला जन्मलेलं मूल इंग्लंडमध्ये वर्गातलं सगळ्यात लहान, सप्टेंबर २०२५ लाच रिसेप्शनला गेलेलं, तेच स्कॉटलंडमध्ये ऑगस्ट २०२६ ला प्रायमरी वन सुरू करणार, आणि वर्गात मधोमध कुठेतरी.

अमेरिकेत राज्यांवर आहे, काही राज्यांत डिस्ट्रिक्टवर, म्हणजे तिथल्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागावर. टेक्सास, कॅलिफोर्निया, मिशिगन १ सप्टेंबर, मिझुरी आणि इंडियाना १ ऑगस्ट, न्यूयॉर्क शहरात कॅलेंडर वर्ष म्हणजे ३१ डिसेंबर, आणि नदीपलीकडे न्यू जर्सीत बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये १ ऑक्टोबर. लोक नोकरी न्यूयॉर्कला आणि घर जर्सीला असा विचार करत असतात तेव्हा नोव्हेंबरमधल्या मुलाचं एक वर्ष त्या घराच्या पत्त्यावर अवलंबून असतं, हे घर बघताना कोणी सांगत नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स ३१ जुलै, क्वीन्सलँड ३० जून, व्हिक्टोरिया ३० एप्रिल, टास्मानिया १ जानेवारी. जर्मनीत राज्यानुसार ३० जून ते ३० सप्टेंबरच्या दरम्यान, आणि बव्हेरियामध्ये १ जुलै ते ३० सप्टेंबरमध्ये सहा पूर्ण करणाऱ्यांच्या बाबतीत यंदा घालायचं की पुढच्या वर्षी ते आईवडील ठरवतात.

आणि नियम बदलतात. कनेक्टिकटमध्ये वर्षानुवर्षं १ जानेवारी होती ती २०२४ च्या सत्रापासून १ सप्टेंबर झाली. दक्षिण कोरियात पूर्वी जानेवारी-फेब्रुवारीची मुलं आदल्या वर्षीच्या मुलांबरोबर जायची, २००९ पासून सरळ कॅलेंडर वर्ष झालं. म्हणून तिकडे राहणाऱ्या मित्राने त्याच्या मुलाचं पाच वर्षांपूर्वी कसं झालं ते सांगितलं तर ऐकून घ्या, पण तारीख त्या राज्याच्या किंवा कौन्सिलच्या (ब्रिटनमधल्या स्थानिक पालिकेच्या) साईटवरच बघा.

रेषेच्या नेमक्या दिवशी वाढदिवस असेल तर "त्या तारखेपर्यंत" की "त्या तारखेच्या आधी" हे शब्द नीट वाचा. जपानमध्ये १ एप्रिलचं मूल आधीच्या वर्गात जातं कारण तिथल्या कायद्यानुसार वय वाढदिवसाच्या आदल्या दिवशीच पूर्ण होतं, म्हणजे ३१ मार्चलाच ते सहाचं झालं. एका दिवसाने वर्गातलं सगळ्यात लहान मूल.

वर्षाच्या मध्ये पोचताय?

उत्तरेकडून दक्षिणेकडे किंवा उलट जाताना अर्ध्या वर्षाची गडबड असतेच. जूनमध्ये अमेरिकेत थर्ड ग्रेड संपवून जुलैमध्ये सिडनीला उतरलात तर तिथे वर्ष अर्धं झालेलं असतं. मग दोनच पर्याय, तेच वर्ष पुन्हा अर्धं करायचं किंवा पुढच्यात अर्ध्यावर घुसायचं. मला विचाराल तर प्राथमिकमध्ये तेच अर्धं वर्ष पुन्हा केलेलं बरं, त्या सहा महिन्यांत मूल भाषा, उच्चार, डबा कधी खायचा, बस कुठून मिळते हे सगळं शिकतं आणि अभ्यासाचा ताण नसतो. आठवीच्या पुढे मात्र असं सरसकट सांगता येत नाही, ते पुढे बघू.

भारतातून एप्रिल-मेमध्ये निघणाऱ्यांचं जरा सोयीचं पडतं, वर्ष पूर्ण करून जाता येतं आणि तिकडे ऑगस्ट-सप्टेंबरला सगळ्यांबरोबर सुरुवात होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघणार असाल तर अर्धवट वर्षाचा दाखला आणि सहामाहीचं प्रगतीपुस्तक मागून घ्या, नाहीतर समोरच्या शाळेला मागच्या वर्षाचाच पुरावा दिसतो आणि ते त्याच्यावरूनच ठरवतात.

रेषेवरचं मूल: वरच्या वर्गात की खालच्या?

इथे जरा थांबू, कारण भांडणं इथेच होतात.

काही देशांत तुम्हाला विचारतच नाहीत. जपानमध्ये सरकारी शाळेत वर्ग वयाने ठरतो आणि मुलं वयाबरोबरच पुढे सरकतात. इंग्लंडमध्येही सहसा वयाप्रमाणेच. पण तिथे १ एप्रिल ते ३१ ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांच्या आईवडिलांना, समरबॉर्न म्हणतात या मुलांना, रिसेप्शन एक वर्ष उशिरा म्हणजे पाच पूर्ण झाल्यावर सुरू करण्याची विनंती करता येते. ही विनंती आहे, हक्क नाही, निर्णय ॲडमिशन देणारी संस्था घेते. प्रायमरीच्या अर्जाची शेवटची तारीख १५ जानेवारी असते, त्याच्या बरंच आधी पत्र द्या. आणि हे लक्षात ठेवा की उद्या दुसऱ्या कौन्सिलमध्ये घर बदललं किंवा मूल सेकंडरीला गेलं तर नवीन शाळा पुन्हा नव्याने विचार करू शकते, म्हणून परवानगीचं पत्र जपून ठेवा.

स्कॉटलंडमध्ये शाळा सुरू होताना पाच पूर्ण नसतील तर एक वर्ष थांबता येतं. अमेरिकेत किंडरगार्टन एक वर्ष उशिरा सुरू करणं बऱ्याच ठिकाणी सर्रास चालतं, त्याला रेडशर्टिंग म्हणतात, त्यामुळे ऑगस्टमधलं मूल वेळेवर घातलं तर त्याच्या वर्गात त्याच्यापेक्षा सव्वा वर्षाने मोठी मुलंही सापडतात.

मग काय करायचं? अभ्यास काय सांगतात ते बघा. केली बेडार्ड आणि एलिझाबेथ डूई या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये बऱ्याच देशांतल्या गणित-विज्ञानाच्या परीक्षांचे आकडे तपासले, वर्गातली सगळ्यात लहान मुलं सगळ्यात मोठ्यांपेक्षा चौथीत ४ ते १२ पर्सेंटाईलने (शंभर जणांच्या क्रमवारीत तेवढ्या जागांनी) मागे होती, आठवीत २ ते ९ ने. म्हणजे फरक कमी होतो पण पुसला जात नाही. दुसरा अभ्यास २०१८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. अमेरिकेत १ सप्टेंबरची रेषा असलेल्या राज्यांत ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांना एडीएचडीचं (लक्ष न लागणं आणि अतिचंचलपणा या विकाराचं) निदान सप्टेंबरच्या मुलांपेक्षा ३४ टक्क्यांनी जास्त झालेलं होतं, दर दहा हजारांत साधारण ८५ विरुद्ध ६४. ऑगस्टमध्ये जन्मल्याने मेंदू वेगळा होत नाही ना, वर्गात अकरा महिन्यांनी मोठ्या मुलांच्या शेजारी बसलं की लहान मूल चुळबुळं दिसतं, एवढंच.

आता यात देश बदललेलं मूल घाला. नवीन भाषा, नवीन मित्र, नवीन घर, आणि त्यातच वर्गात सगळ्यात लहान. माझं मत स्पष्ट आहे, सात-आठ वर्षांपर्यंत रेषेवरच्या मुलाला पर्याय मिळत असेल आणि शाळेची भाषा नवीन असेल तर मोठ्यांपैकी एक होऊ द्या. भाषा तीच असेल, मूल आधीच वाचत असेल आणि मोठ्या मुलांत रमत असेल तर वरचा वर्गही चालेल, तिथे हट्ट करू नका. पण "आमच्याकडे हे सगळं झालंय" म्हणून वरचा वर्ग भांडून घेणं मला पटत नाही. आपल्याकडे लिहिणं-पाढे लवकर सुरू होतात, त्यामुळे सहा महिने ते मूल पुढे दिसतं, आणि नंतर जेव्हा मोठा उतारा वाचून स्वतःच्या शब्दांत लिहायची वेळ येते तेव्हा वयाचा फरक बाहेर येतो.

उलट भाषा येत नाही एवढ्याच कारणाने शाळा एक वर्ष खाली ढकलत असेल तर मात्र नम्रपणे विचारा. बऱ्याच देशांत वयाप्रमाणे वर्ग आणि भाषेसाठी वेगळी मदत अशीच पद्धत असते, जर्मनीत काही ठिकाणी नव्याने आलेल्या मुलांचे आधी भाषेचे वेगळे वर्ग असतात. बोलण्यापुरती भाषा वर्ष-दोन वर्षांत येते, वर्ग मात्र बारावीपर्यंत तोच राहतो.

मोठी मुलं असतील तर शेवटाकडून मोजा

पाचवीच्या आतलं मूल असेल तर हा भाग वरवर वाचा. पुढचं असेल तर कागदावर शेवटच्या परीक्षेचं वर्ष आधी लिहा आणि मागे या.

इंग्लंडमध्ये जीसीएसईचा अभ्यासक्रम इयर टेन आणि इयर इलेव्हन मिळून असतो, त्याच्या मधोमध पोचणं सगळ्यात त्रासाचं. जन्ममहिन्यामुळे मूल इयर इलेव्हनमध्ये बसत असेल आणि तुम्ही त्या वर्षीच जात असाल तर एक वर्ष खाली मिळेल का हे जायच्या आधी विचारा, शाळा नाही म्हणाली तर जाण्याची तारीखच हलवता येते का बघा. भारतात सीबीएसईमध्ये दहावीचं रजिस्ट्रेशन नववीत आणि बारावीचं अकरावीत होतं, म्हणून परतायचं असेल तर नववी किंवा अकरावीच्या सुरुवातीला परता, दहावीच्या मध्ये नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे शालेय वर्षांची संख्या. भारतातल्या विद्यापीठांना बारा वर्षांचं शालेय शिक्षण दिसायला हवं असतं, आणि परदेशी बोर्डाच्या दाखल्याला समकक्षता, म्हणजे तो इथल्या बारावीच्या बरोबरीचा असल्याची मान्यता, घ्यावी लागते. देशादेशांच्या फेऱ्यांत उडी मारून एखादी इयत्ता गाळली गेली असेल तर प्रत्येक वर्षाचं प्रगतीपुस्तक हाताशी असू द्या.

तिसरी, वयाची खालची मर्यादा. मेडिकलच्या नीट परीक्षेसाठी प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण लागतात. समजा जन्म जानेवारी २०१० चा, आणि वरचा वर्ग घेत घेत मूल २०२६ लाच बारावी झालं, तर १७ पूर्ण होतात जानेवारी २०२७ ला, म्हणजे त्या वर्षी पात्रच नाही. लहानपणी वाचवलेलं वर्ष इथे घरी बसून जातं.

आणि अमेरिकेत एच-फोरवर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, मुलं असतील तर २१ व्या वाढदिवसाला तो दर्जा संपतो. वय तर काही बदलत नाही, पण वर्ग एकाने खाली असेल तर त्या वाढदिवसाला कॉलेजचं एक वर्ष जास्त शिल्लक राहतं. सात वर्षांच्या मुलाच्या वेळी हा विचार अति वाटेल, पण सेव्हन्थ ग्रेडच्या मुलाला मुद्दाम खाली घालायचा विचार असेल तर तो आत्ताच करा.

शाळेला मेल लिहिताना

थोडक्यात लिहा. मुलाचं नाव, जन्मतारीख, आत्ता कुठल्या वर्गात आणि तो वर्ग किती वयाच्या मुलांचा, वर्ष कधी सुरू झालं कधी संपणार, तुम्ही कधी पोचणार, घरी कुठली भाषा आणि शाळेत कुठली. मग प्रश्न: कुठला वर्ग मिळेल, तो कोण ठरवतं, आणि बदलून हवा असेल तर अर्ज कुणाकडे. "कोण ठरवतं" हा प्रश्न विसरू नका. ऑफिसमधली बाई नाही म्हणाली म्हणजे नियम नाही म्हणतो असं नसतं, कधी हेडमास्तरांच्या हातात असतं, कधी डिस्ट्रिक्टच्या, कधी कोणाच्याच नाही.

जन्मतारीख लिहिताना महिना अक्षरात लिहा, हे अगदी कळकळीने सांगतोय. ४ सप्टेंबर २०२० आपण ०४/०९/२०२० लिहितो, अमेरिकेत ते ९ एप्रिल वाचलं जातं. १ सप्टेंबरच्या रेषेवर हा अख्ख्या एका वर्षाचा फरक आहे, एक मूल २०२५ ला किंडरगार्टनला आणि दुसरं २०२६ ला. आणि पासपोर्ट, जन्मदाखला, शाळेचा दाखला तिन्हीकडे तारीख एकच आहे ना ते निघण्याआधी तपासा, वेगळी असेल तर तिथून दुरुस्त करणं फार जड जातं.

कागद सोबत ठेवायचे ते असे: जन्मदाखला, मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतीपुस्तकं, शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे एलसी, लसीकरणाची नोंद, आणि शाळेच्या लेटरहेडवर एक पत्र ज्यात वर्ष कुठल्या महिन्यात सुरू होतं आणि त्या वर्गाची वयाची अट काय ते लिहिलेलं असेल. हे शेवटचं पत्र कोणी मागत नाही पण समोरच्याचा गोंधळ त्यानेच मिटतो. सगळं इंग्रजीत किंवा त्या देशाच्या भाषेत भाषांतर करून, आणि तो देश मागत असेल तर अपोस्टिल किंवा ॲटेस्टेशन (कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का) निघण्याआधीच, तिथे गेल्यावर फार वेळ जातो.

इंटरनॅशनल शाळा घेणार असाल तर त्यांची रेषा त्यांची स्वतःची असते, सहसा जरा लवचिक. पण तिथून पुढे सरकारी शाळेत जायचं असेल तर तिथल्या वयाच्या गटाशी जुळतंय ना ते बघून घ्या.

वर्ग सुरू झाल्यावर

पहिल्या काही आठवड्यांत शिक्षकांना एकदा सांगा की हे वर्गातलं सगळ्यात लहान मूल आहे, किंवा मागच्या शाळेत वाचायला अजून सुरुवातच झाली नव्हती कारण तिथे सातव्या वर्षी सुरू होतं. फिनलंडहून इंग्लंडला आलेलं सहा-सात वर्षांचं मूल अडखळत वाचतं तेव्हा त्यात त्याचा काही दोष नसतो, त्याच्या वर्गातल्या मुलांनी दोन वर्षं आधी सुरू केलेलं असतं. लक्ष लागत नाही, चुळबूळ करतो अशी तक्रार आली तर डॉक्टरकडे जायला हरकत नाही, पण वर्गात त्याचा वयाने कितवा नंबर आहे ते आधी शिक्षकांनाच विचारा आणि डॉक्टरांनाही सांगा.

मुलाशी बोलताना "तुला खाली टाकलं" हा शब्द घरात नको. भारतातल्या आजी-आजोबांनाही फोनवर आधीच समजावून ठेवा, कारण "कितवीत आहेस?" हा पहिला प्रश्न तिकडूनच येणार आणि उत्तर ऐकून "अरे, तू तर गेल्या वर्षीच दुसरीत होतास ना" हेही तिकडूनच येणार.

परत येणार असाल तर

परतीचा हिशोब पुन्हा पहिल्यापासून करा, जाताना जेवढं पुढे गेलात तेवढंच मागे येईल असं नाही. भारतात तर बोर्ड आणि राज्य दोन्ही बघावं लागतं, ३१ मार्चवाली शाळा की ३१ डिसेंबरवाली. ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या मुलांना यामुळे शाळा निवडतानाच वर्गही निवडल्यासारखं होतं, त्याचा फायदा घ्या. पहिली ते आठवीत शिक्षण हक्क कायदा मदतीला येतो, २००९ च्या या कायद्यात शाळेबाहेरच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायची तरतूद आहे आणि वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. खासगी शाळा तरी टेस्ट घेऊ का म्हणतात, तेव्हा मराठी-हिंदीचं आधीच बोलून घ्या, वयाने बरोबर वर्ग मिळाला तरी खरी अडचण तिथेच येते. परदेशातल्या शाळेतून निघताना शेवटच्या दिवसाची तारीख आणि पूर्ण केलेला वर्ग लिहिलेलं पत्र मागून घ्या, कारण बऱ्याच देशांत आपल्यासारखी एलसी देण्याची पद्धत नसते आणि इथल्या शाळेचा क्लार्क नेमकी तीच मागतो.